नसलेली टकटक

ज्या एका माणसाला हे सांगायला हवं, तिला सोडून तुम्हाला सांगतोय. यावरूनच माझी लायकी ओळखा आणि मग पुढे वाचा. बायकोला सांगितलेलं नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात एकदा ओठांवर आलं होतं — गिळलं. देवापुढेही कधी मोठ्याने म्हटलं नाही. त्याला ठाऊक असेलच, अशी समजूत घातली. ही समजूत फार सोयीची असते, अनुभव घेऊन बघा.

गोष्ट एका गाडीची आहे. म्हणजे — गाडीची नाही. पण सुरुवात गाडीपासूनच करतो, कारण गाड्यांबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही. बाकी सगळ्या बाबतीत अडखळते.

आत्ता हे लिहितोय तेव्हा ती बाहेर अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी आहे. लाल रंग छतावर विटलाय, पुढच्या काचेला एक ओरखडा आहे, बाकी तशीच. आज सकाळीही पहिल्या चावीला सुरू झाली. डिसेंबरच्या धुक्यात होते, मे महिन्यात लूचा गरम वारा सुटतो तेव्हा होते, महिनाभर हात लावला नाही तरी होते. तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला? जुनी गाडी घेणारा माणूस यासाठी नवस बोलतो! खरं आहे. पण या गाडीने मला एकदाही दगा दिलेला नाही, याचाच मला संताप येतो. एकदा तरी बंद पडायची होतीस. एकदा!

आम्ही झाशीचे मराठी. पूर्वज कधीतरी कारभार बघायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. पण तिचा एक फायदा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेतला, तो पुण्यात मिळायचा नाही. दुकानदारासमोर उभं राहून त्याच्याच मालाला नावं ठेवायची असली, की आम्ही मराठीत बोलतो. साडीचा पोत बरा नाही, हा माणूस लबाड दिसतो, अजून थोडं ताणून धर — सगळं त्याच्या तोंडावर, हसत हसत. तो बिचारा चहा मागवत असतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट ही. मराठी म्हणजे आमच्यासाठी बंद खोली, कुठेही उघडता येणारी.

आणि मी गाड्या बघायचो. सरकारी कचेरीत बाबू होतो, पण नाव होतं ते गाड्यांचं. प्रेम नगरपासून खंडेराव गेटपर्यंत कुठल्याही मराठी घरात जुनी गाडी घ्यायची ठरली, की मला बोलावणं यायचं. माझी रीत ठरलेली. विकणाऱ्याला आधीच निरोप — मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर तळहात. गरम लागलं तर तिथूनच परत. ज्याने आधी तापवून ठेवली, त्याला थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचंय. मग तेलाचं झाकण उलटं करून बघायचं. मग वडिलांचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, पिशवीतून काढायचा, टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. इंजिनाच्या पोटातलं सगळं त्यातून ऐकू येतं — डॉक्टरच्या नळीसारखं. आणि शेवटी निकाल. निकाल मराठीत, घासाघीस हिंदीत.

लोक मानायचे. 'दादा हो म्हणाले' एवढं पुरे असायचं. आणि हा सगळ्या झाशीला गाड्या पारखून देणारा दादा स्वतः काय चालवायचा? स्कूटर. पावसात भिजत, बायकोला मागे बसवून. परवडत नव्हती असंही नाही — धाडस होत नव्हतं. प्रत्येक गाडीत मला काहीतरी खोट दिसायची. दुसऱ्याला हो म्हणणं सोपं. स्वतःला हो म्हणायची वेळ आली, की उद्या ही फसली तर लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच ना?

आता शुभाबद्दल.

शुभा माझी धाकटी बहीण. बरीच धाकटी. मी वडिलांच्या जुन्या जीपखाली पडलेलो असायचो तेव्हा ही बॅटरी धरून उभी. पेचकस कानाला लावायला मीच शिकवलं तिला. लग्न केलं नाही तिने. खंडेराव गेटच्या घरी वडिलांजवळ राहायची आणि समथरच्या एका कॉलेजात शिकवायची. झाशीहून समथर म्हणजे आधी कानपूर रस्त्याने मोंठपर्यंत बस, तिथून पुढे मिळेल ती जीप, मिळाली तर. सकाळी अंधारात निघायची, संध्याकाळी धुळीने माखून यायची. त्या वर्षी तिथल्या प्राचार्य निवृत्त व्हायच्या होत्या आणि ती जागा हिला द्यायचं घाटत होतं. पण बाई वेळेवर पोचणार कशा, असा प्रश्न तिथल्या लोकांनी काढला. तिने सरळ सांगितलं, मी गाडी घेते. स्वतः चालवत येईन.

आणि घ्यायची ठरवली ती कुठली? मला वाटलं होतं, एखादी साधी, सांभाळून चालणारी घेईल. छे! तिला हवी होती ती छोटी, पण बोनेटखाली दांडगं इंजिन असलेली — मोटारींच्या मासिकांत जिला 'हॉट हॅच' म्हणतात ती. कंपनीचं नाव सांगत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. दिसायला घरगुती, भाजी आणायला निघाल्यासारखी. पाय दाबला की ट्रकच्या रांगा मागे. आपल्याकडे अशा गाड्या फार कमी खपल्या. ज्यांनी घेतल्या, ते आजही जपून ठेवतात. मी त्या गाडीचे फोटो मासिकांतून कापून ठेवलेले होते. प्रौढ माणूस, दोन मुलांचा बाप — कात्रणं! हे सुद्धा आजच सांगतोय.

तिला ती बबीन्याच्या लष्करी छावणीत मिळाली. एक हरियाणवी मेजर, बदली ईशान्येकडे, गाडी विकायची होती. फौजीची गाडी म्हणजे झाशीत सोनं समजतात. वेळच्या वेळी तेलपाणी, कागद चोख. शुभाने मला न सांगता महिनाभर अभ्यास केला होता. ही गाडी दहा वर्षांनी कशी राहते, कुठे दुखते, कुठला पट्टा कधी बदलायचा, तेल कुठलं — सगळं. दोनदा जाऊन चालवून आली होती. थंड इंजिन, बोनेटवर तळहात, तेलाचं झाकण — माझी सगळी रीत तिने बिनचूक पाळली होती. मग मला फोन केला.

"दादा, मला पटली आहे. एकदम मस्त चालते. तू बस एकदा देखून जा, म्हणजे बाबांना सांगता येईल."

बस एकदा. बाबांना सांगता येईल. तिला माझं मत नको होतं, कळतंय ना तुम्हाला? तिचं मत झालेलं होतं. आमच्या घरात घरातल्या पुरुषाने मान डोलावल्याशिवाय सुईसुद्धा येत नाही, म्हणून मान डोलवायला बोलावलं होतं. आणि ते मला — थांबा, इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात हे कितीदा तरी सांगितलंय आणि दर वेळी इथे येऊन गाड्यांच्या गप्पा मारायला लागतो. आज नाही मारणार.

मेजरसाहेबांच्या क्वार्टरसमोर गाडी उभी होती. बोनेट गार. झाकण स्वच्छ. तेल मधासारखं. मी चावी फिरवली आणि — काय सांगू? सुरुवातीचा तो हलका हुंकार, मग एकसारखी घुमती लय. पेचकस लावला. इकडून, तिकडून, खालून. इतकं निरोगी इंजिन मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आयुष्यभर लोकांना ज्याबद्दल सांगत आलो, ते हे. शुभा पलीकडे उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, हसू दाबत. तिला माहीत होतं. मी काय म्हणणार ते तिला आधीच माहीत होतं.

आणि माझा जळफळाट झाला. दुसरा शब्द नाही, शोधणारही नाही. ही — बॅटरी धरणारी पोर — माझ्या कात्रणांतली गाडी घेऊन समथरला प्राचार्य म्हणून जाणार, आणि मी स्कूटरला किक मारत कचेरीत. तिने बिनचूक पारखली होती. माझ्याशिवाय. मग मी कशाला होतो?

"आराम से देखिए भाई साहब," मेजर म्हणत होता. "गाड़ी नहीं है, घोड़ी है घोड़ी।"

मी त्याच्याकडे बघून हसलो आणि शुभाला मराठीत म्हणालो, "हिचं बेअरिंग गेलंय. टकटक ऐकलीस?"

तिचं हसू गेलं. "नाही रे. मला तर नाही आली."

मी पेचकसाची मूठ तिच्या कानाला लावली. स्वतःच्या हाताने. "नीट ऐक. खोल आहे. बारीक. टक्, टक्."

"नाही ना येत, दादा."

"तुला येणार नाही. त्याला कान लागतो."

हे वाक्य. बाकी सगळं एक वेळ बाजूला ठेवा, हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुढेही बोललो — एक-दोन वर्षं काढेल, मग एक दिवस इंजिन जाम होईल, मोंठच्या पुढे, आजूबाजूला चिटपाखरू नाही, तू एकटी. चेहऱ्यावर काळजी आणून बोललो. मेजर तिथेच हात मागे बांधून उभा, गाडीची तारीफ चाललीय असं समजून मान हलवत. त्याची बायको व्हरांड्यातून लिंबूपाणी घेऊन आली, "लीजिए," म्हणाली, आम्ही घेतलं. आणि शुभाने पुन्हा एकदा पेचकस कानाला लावला. डोळे मिटले. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे उघडून हळूच म्हणाली, "हो रे. आली. आहे खरं."

नव्हती हो! काही नव्हतं तिथे! मला वाटलं होतं ती भांडेल, हट्ट करेल, मासिकातलं काहीतरी तोंडावर मारेल. भांडली असती तर मी हरलो असतो, मला माहीत आहे. पण तिने माझ्यासाठी नसलेला आवाज ऐकला. तिच्या कानापेक्षा तिला माझी जीभ खरी वाटली.

त्याच आठवड्यात मी मेजरला फोन केला. "साहब, गाड़ी बढ़िया है। मैं ले रहा हूँ।" बहिणीशी खोटं मराठीत बोललो आणि खरं बोललो ते परक्या माणसाशी, हिंदीत. पैसे कसे उभे केले, ते सांगून तुमचा वेळ घेत नाही. इतकी वर्षं जे धाडस होत नव्हतं, ते एका दुपारीत झालं.

चावी घ्यायला गेलो तेव्हा मेजर ऑफिसात होता. चावी त्याच्या बायकोने आणून दिली. माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वच्छ साताऱ्याकडच्या मराठीत म्हणाली, "गाडीत तसला काही आवाज नाहीये हो. रोज मीच चालवते ती."

माझी काय अवस्था झाली असेल? आमची ती बंद खोली. तिच्यात ही बाई पहिल्यापासून बसलेली होती, लिंबूपाण्याचा ट्रे घेऊन. बबीन्यात अर्धी फौज महाराष्ट्रातली. तिथे मराठी समजणारं कुणी नसेल, हे मी कसं गृहीत धरलं? पण धरलं. सवय.

"ह्यांना मी बोलले नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरातला मामला. पण ताईंना फार आवडली होती हो ती." एवढंच. पुढे काही विचारलं नाही. मी नमस्कार केला, की नाही केला, आठवत नाही. ते लोक ईशान्येला निघून गेले, आणि हे ठाऊक असलेलं एकमेव माणूस झाशीतून गेलं, म्हणून मी त्या संध्याकाळी — सांगायलाच हवं — सुटकेचा श्वास टाकला.

शुभाला काय सांगितलं? की भंगाराच्या भावात मिळाली म्हणून उचलली. इंजिन उघडून बघतो, जमलं तर जमलं. त्यावर ती काय म्हणाली असेल? "बरं झालं, तू घेतलीस. माझ्या तर गळ्यात पडली असती." खुशीने म्हणाली. कटू एक अक्षर नाही.

मग मला ते नाटक वठवावं लागलं. ज्या इंजिनाला पान्याचं टोक लावायची गरज नव्हती, ते दुरुस्त करायचं होतं! भंगारवाल्याकडून कुठल्या तरी टेम्पोचे पिस्टन आणि दांडे आणले आणि पेरूखाली वर्तमानपत्रावर पसरले. रविवारी ते रॉकेलने धुवायचे. पुढच्या रविवारी तेच पुन्हा धुवायचे. बायको वासाने वैतागलेली, आणि गल्लीतले लोक फाटकाशी थांबून, "काए भैया, अबै नईं सुधरी?" मी कपाळाचा घाम पुसायचो. घाम खरा असायचा. गाडी ताडपत्रीखाली उभी, आत ते निरोगी इंजिन, आणि मी बाहेर तिच्या आजाराचं नाटक करतोय. कधी कधी कुणी नसताना ताडपत्री वर करून चावी फिरवायचो. पहिल्या चावीला. मग घाईने बंद, कुणी ऐकू नये म्हणून.

शेवटी एक दिवस 'झाली' म्हणून जाहीर केलं. आणि झालं काय — मी मोठा झालो! गणपतीच्या आरतीनंतर मंडळात मला पुढे बसवलं. दादांनी मेलेली गाडी उठवली. सांगत कोण होतं? शुभा. जो भेटेल त्याला. "मी स्वतः ऐकला होता आवाज, बेअरिंग पार गेलं होतं. दादाच्या हातात जादू आहे." त्यानंतर लोक खरोखरच मेलेली इंजिनं घेऊन माझ्याकडे यायला लागले, आणि मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. मी पारखणारा, उघडणारा कधीच नव्हतो. कमरेचं दुखणं काढलं आणि सुटलो. लोकांना तेही पटलं. माझं सगळंच पटायचं लोकांना.

तिला मी दुसरी गाडी निवडून दिली. लांबलचक, सुस्त, वयस्कर, 'बाईमाणसाला सुरक्षित'. मनात काळंबेरं ठेवून वाईट निवडली का? नाही वाटत. मन लावून निवडली नाही, एवढं नक्की. त्या दिवसांत मला इंजिन ऐकायचीच भीती बसली होती. ती गाडी चिरगावला बंद पडली, मोंठला बंद पडली, एकदा परीक्षेच्या दिवशी भर रस्त्यात उकळली आणि शुभा ट्रकमध्ये बसून समथरला पोचली. प्राचार्यपद दुसऱ्या बाईंना मिळालं. बाई वेळेवर येत नाहीत — त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणणार? वर्षभराने तिने गाडी विकली, समथर सोडलं आणि घराजवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. गाडीला पुन्हा हात लावला नाही.

आणि तेवढंच असतं तर? त्यानंतर तिने स्वतःच्या मताने काही घेतलंच नाही. फ्रिज — दादा, तू देख. वडिलांचा डॉक्टर बदलायचा — दादा, तू सांग. एका सहकाऱ्याने लग्नाचं विचारलं होतं तिला, चांगला माणूस. तेव्हाही माझ्याकडे आली. "मला माणसं कळत नाहीत रे. मला तर इंजिनाचा आवाजसुद्धा कळला नव्हता." थट्टेत म्हणाली. मी हसलो. मी म्हणालो, बघू, विचार करू. माझा विचार चालू असेपर्यंत तो माणूस थांबला नाही. का थांबावं त्याने?

मला तिचा राग यायचा. माझा नाही — तिचा! इतका कसा विश्वास ठेवते ही बया? एकदा तरी उलट तपासणी कर, एकदा म्हण की दादा, ही गाडी इतकी वर्षं अशी कशी धावते? बेअरिंग गेलेलं इंजिन पेरूखाली बसून नीट होत नाही, हे मासिकं वाचणाऱ्या बाईला कळू नये? मी वाट बघत राहिलो तिने पकडण्याची. तिने हार घातले.

मग गाडीवर राग काढला. एक अख्खा उन्हाळा तेल बदललं नाही, मुद्दाम. ललितपूरच्या रस्त्यावर भर दुपारी काटा लाल पट्टीत नेऊन ताणली. म्हटलं, गेलं बेअरिंग तर जाऊ दे. उशिरा का होईना, मी बोललो ते खरं होईल. मग मी खोटारडा राहणार नाही, फक्त वेळ थोडी चुकलेला पारखी ठरेन. कसला विचार हा! आणि तिने हूं की चूं केलं नाही. घरी येऊन उभी केली, बोनेटवर तळहात ठेवला. तापली होती, बाकी काही नाही. घोडी आहे घोडी, म्हणाला होता मेजर. गाडीच्या भरवशाची परीक्षा बघायची तर ती अशी बघतात, आणि ती पास झाली. आमच्या दोघांत नापास कोण, हे सांगायला पाहिजे का?

परवा शुभाला समथरहून आमंत्रण आलं. तिच्या जागी ज्या प्राचार्य झाल्या होत्या, त्यांची तब्येत बरी नसते. जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी घरी जेवायला बोलावलं होतं. बस झेपत नाही आता तिला. मी म्हणालो, मी सोडतो. ती माझ्या शेजारी बसली, पांढरे केस चापून बांधलेले, मांडीवर मिठाईचा डबा. कानपूर रस्ता आता रुंद झालाय. मोंठपर्यंत पोचलो ते कळलंही नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. "बस इथे थांबायची," म्हणाली. "जीप मिळेपर्यंत मी त्या टपरीवर वह्या तपासायची."

येताना तिथेच चहाला थांबलो. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी चावी तिच्यापुढे धरली. म्हटलं, "चालव थोडी. रस्ता मोकळा आहे." सांगायचं ते सांगता येत नव्हतं, म्हणून चावी पुढे केली. भित्रा माणूस असंच करतो — तोंड उघडायच्या ऐवजी हात पुढे करतो. तिने चावी घेतली. हातात उलटीसुलटी केली, अंगठ्याने त्यावरचं झिजलेलं चिन्ह चोळलं. क्षणभर तिच्या तोंडावर ते आलं — ते दाबलेलं हसू, मेजरच्या क्वार्टरसमोरचं. मी ते ओळखलं.

मग तिने चावी परत माझ्या हातात ठेवली. "नको रे बाबा. मला नाही जमायचं. मला कान नाही त्याला."

निघालो. मोंठ मागे पडलं, दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, रस्त्यावर कुणी नाही. तिने अचानक खिडकीची काच वर केली. मान तिरकी केली. डोळे मिटले.

"दादा, आहे बघ अजून," ती म्हणाली. "बारीक. टक्, टक्. तू इतकं केलंस तरी पूर्ण नाही गेली." मग डोळे उघडून माझ्याकडे वळली. "येते ना तुला?"

इंजिन घुमत होतं. स्वच्छ, एकसारखं, त्या पहिल्या दिवशी होतं तसं.

मी म्हणालो, "हो. येते."